पारा परत आणून काय साधणार?

मे २०२४च्या अखेरीस दोन आकड्यांनी देशभर खळबळ उडवली. २९ मेला दिल्लीच्या सीमेवरच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. दुसऱ्याच दिवशी नागपुरात, रामदासपेठ भागात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात उभ्या असलेल्या केंद्राने ५६ अंश दाखवले. भारतात आजवर मान्य झालेले सर्वोच्च तापमान राजस्थानातल्या फलोदीचे आहे, १९ मे २०१६चे, ५१ अंश. जगाचा मान्य विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या नावावर आहे, १० जुलै १९१३चा, ५६.७ अंश, त्याविषयीही शंका घेणारे अभ्यासक आहेत. म्हणजे नागपूरचा आकडा खरा मानायचा तर एका शेताने एका दुपारी देशाचा विक्रम पाच अंशांनी मोडला आणि जगाच्या विक्रमाला जवळपास गाठले. तो खरा नव्हता. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान विभागाने केला. मुंगेशपूरला पथक गेले, त्याने शेजारी प्रमाण उपकरण ठेवून तुलना केली, आणि तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवतो असे जाहीर केले.

त्यानंतर जे बोलले गेले आणि अजूनही दर उन्हाळ्यात बोलले जाते, त्याला हे उत्तर आहे. एक पक्ष म्हणतो, ही विजेवर चालणारी यंत्रे भरवशाची नाहीत; काचेच्या नळीतला पारा आणि तो डोळ्यांनी वाचणारा निरीक्षक बरा होता. याच पक्षातले काही जण पुढे जाऊन म्हणतात की तापमानवाढीचे सगळे आकडेच या यंत्रांनी फुगवले आहेत. दुसरा पक्ष कार्यालयांत बसतो. त्याचे म्हणणे छोटे आहे: सेन्सर बिघडला, बदलला, विषय संपला. दोघांचाही घोटाळा एकाच ठिकाणी होतो. दोघेही सेन्सरकडे बघतात आणि कॅलिब्रेशनकडे, म्हणजे यंत्र प्रमाण उपकरणाशी ताडून पाहण्याकडे, पाठ फिरवतात.

आधी यंत्र काय करते ते पाहू, कारण टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसते. तापमान मोजण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा सेन्सर म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ थर. शून्य अंशाला त्याचा विद्युत रोध १०० ओहम, म्हणून त्याला पीटी-१०० म्हणतात. दर अंशाला रोध साधारण ०.३९ ओहमने वाढतो. ४५ अंशाला तो ११७.४७ ओहम होतो, ५६ अंशाला १२१.७१ ओहम. नागपूरची भयंकर दुपार आणि जागतिक बातमी यांच्यातले अंतर या सेन्सरच्या भाषेत सव्वाचार ओहमचे आहे. मुंगेशपूरचे तीन अंश म्हणजे तर जेमतेम सव्वा ओहम.

हा सव्वा ओहम कुठून येऊ शकतो? प्लॅटिनम तो सहसा आणत नाही. हा धातू निवडला गेला तोच त्याच्या स्थिर वागणुकीमुळे. १८८०च्या दशकात ह्यू कॅलेंडर यांनी प्लॅटिनमच्या तारेने तापमान अचूक मोजता येते हे दाखवून दिले, आणि आजही आंतरराष्ट्रीय तापमान प्रमाणाचा कणा प्लॅटिनमच आहे. गडबड असते ती त्याच्या पुढच्या वाटेवर. केबल लांब असते आणि तिला स्वतःचा रोध असतो. जोडणीचा स्क्रू पावसाळ्यात गंजतो, उन्हाळ्यात सैल होतो. दोन तारांनी जोडलेल्या सेन्सरमध्ये वाटेत कुठेही एक ओहम वाढला की वाचन २.६ अंशांनी चढते, आणि यंत्राला ते ऊनच वाटते. म्हणून तीन तारांची जोडणी करतात, आणि काटेकोर कामाला चार तारांची. चार तारांत केबलचा रोध मोजणीतून पूर्ण बाहेर काढता येतो. त्यापुढे रोधाचे आकड्यात रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड, कार्डाच्या पुढे सॉफ्टवेअरमधली गुणांकांची ओळ. प्लॅटिनमऐवजी थर्मिस्टर या प्रकारचा सेन्सर वापरला असेल तर चित्र उलटे: तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, त्यामुळे केबलमध्ये ओल शिरून वीज गळू लागली की थर्मिस्टर खोटी उष्णता दाखवतो.

टीकाकारांची इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि मी ती मोकळेपणाने करतो: यातले काही दोष खरोखरच वरच्या बाजूला झुकलेले असतात. पण सगळे नाहीत. प्लॅटिनमच्या जोडणीत ओल शिरली तर वाचन खाली येते. आणि कार्डाच्या चुकीला तर कोणतीच दिशा ठरलेली नाही. २०१७च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न आणि थ्रेडबो या थंड ठिकाणी वेगळाच प्रकार उघड झाला. तिथल्या केंद्रांत बसवलेले कार्ड उणे १०.४ अंशांच्या खाली वाचतच नव्हते. प्रोब, म्हणजे हवेतला सेन्सर, ठीक होता, त्याच्यापर्यंत थंडी पोहोचत होती, पण कार्ड एका रेषेवर अडून बसले होते. तिथल्या हवामान खात्याला चौकशी नेमावी लागली आणि हे कार्ड अशा ठिकाणांसाठी योग्य नव्हते हे मान्य करावे लागले. सेन्सर एकटा काढून प्रयोगशाळेत कितीही वेळा तपासला असता तरी तो निर्दोषच ठरला असता. प्रोबपासून नोंदीपर्यंतची सगळी साखळी त्या तापमानाला नेऊन पाहिली असती तरच दोष सापडला असता. नेमके हेच कॅलिब्रेशनचे काम आहे.

आता पाऱ्याची बाजू. काचेचे थर्मामीटर चुकत नव्हते, ही आठवण गोड आहे आणि खोटी आहे. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ला ५८ अंशांची नोंद झाली. तिथे कोणताही इलेक्ट्रॉनिक सेन्सर नव्हता. काचेचा कमाल-किमान थर्मामीटर होता आणि तो वाचणारा निरीक्षक नवखा होता. थर्मामीटरमधल्या खुणेचे चुकीचे टोक वाचले गेले असावे आणि त्यामुळे आकडा सुमारे सात अंशांनी फुगला असावा, असा निष्कर्ष काढून जागतिक हवामान संघटनेने २०१२मध्ये तो विक्रम रद्द केला. नव्वद वर्षे तो भूगोलाच्या पुस्तकांत जगाचा विक्रम म्हणून छापला जात होता. नागपूरची चूक मात्र काही तासांत संशयास्पद ठरली, कारण शहरातल्या दुसऱ्या नोंदी लगेच समोर होत्या. मुंगेशपूरच्या चुकीचा निवाडा तीन दिवसांत झाला. चूक पकडण्याच्या कसोटीवर कोणती व्यवस्था बरी, हे यावरून उघड आहे.

काचेचे आणखी एक दुखणे जाणकारांना दीड शतकापासून ठाऊक आहे. नवा फुगा बनवल्यावर काच वर्षानुवर्षे किंचित आकसत राहते, त्यामुळे पारा वर ढकलला जातो आणि शून्याची खूण सरकते. उष्णता आणि कार्य यांचे नाते मोजणारे जेम्स जूल यांनी आपल्या थर्मामीटरचे शून्य जवळपास चार दशके तपासले. ते शेवटपर्यंत वर सरकतच होते. म्हणजे पारा कॅलिब्रेशनविना चालतो ही समजूतच मुळात चुकीची. चांगल्या वेधशाळांत प्रत्येक काचेच्या थर्मामीटरसोबत दुरुस्तीचा तक्ता असे आणि निरीक्षक वाचनात ती दुरुस्ती करून मगच नोंद लिही.

आणि पारा आणणार कुठून? तो मेंदू आणि मूत्रपिंडावर आघात करणारा विषारी धातू आहे. त्याचा वापर आवरणारा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ला लागू झाला, भारताने तो स्वीकारला, आणि पाऱ्याचे साधे थर्मामीटर बनवणे व आयात-निर्यात करणे २०२०पर्यंत थांबवावे असे त्यात ठरले. तमिळनाडूत कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१मध्ये बंद पडला तो त्याने आसपासच्या मातीत आणि जंगलात सोडलेल्या पाऱ्यामुळे. तिथल्या कामगारांनी जे भोगले ते माहीत असूनही पाऱ्याकडे परत चला म्हणणारा माणूस हवामानाची काळजी कोणाच्या जिवावर करतो, हे त्याने स्वतःला विचारावे.

राहिला सर्वात गंभीर आरोप: इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले म्हणून जग तापल्यासारखे दिसते. याचे उत्तर अमेरिकेच्या नोंदींत आहे. १९८०च्या दशकात तिथल्या हजारो सहकारी केंद्रांवर लाकडी पेटीतले काचेचे थर्मामीटर काढून थर्मिस्टरचे नवे यंत्र बसवले गेले. १९९१मध्ये या बदलाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसले की नव्या यंत्रामुळे कमाल तापमान सरासरी सुमारे ०.४ अंशांनी कमी आणि किमान सुमारे ०.३ अंशांनी जास्त नोंदले जात होते. आरोप खरा असता तर कमाल आकडा वर चढायला हवा होता. तो खाली उतरला. अभ्यासकांनी तो फरक लपवला नाही, मोजला आणि दुरुस्तीत धरला. उपकरण बदलले की जुने आणि नवे शेजारी-शेजारी काही काळ चालवायचे असतात ते याचसाठी.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. बारीक प्रोब काचेच्या जाड फुग्यापेक्षा लवकर तापतो. गरम हवेची एखादी झुळूक क्षणभर आली तर फुगा तिला दाद देत नाही, प्रोब तिला पकडतो, आणि दिवसाचे कमाल तापमान त्या एका क्षणावर ठरू शकते. यावर उपायही ठरलेला आहे: प्रोबचा प्रतिसाद मुद्दाम मंद ठेवायचा आणि एका मिनिटाची सरासरी घ्यायची. जागतिक हवामान संघटनेचे मार्गदर्शन हेच सांगते. जिथे ते पाळले जात नाही तिथे टीका योग्य आहे. तशीच ती सेन्सरवरच्या छत्रीबद्दलही योग्य आहे. पांढऱ्या तबकड्यांची ती छत्री धुळीने काळवंडली, मुंग्यांनी किंवा गांधीलमाशांनी आत घर केले, वारा अडला, की आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा तापते. सेन्सर तेव्हा खरे बोलत असतो, पण तो छत्रीतल्या हवेचे तापमान सांगत असतो. प्रयोगशाळेतले कोणतेही कॅलिब्रेशन हा दोष पकडू शकत नाही. त्यासाठी माणसाला केंद्रापर्यंत जावेच लागते.

इथून मी दुसऱ्या पक्षाकडे वळतो, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. सेन्सर बदलला म्हणजे विषय संपला, असे ज्यांना वाटते त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. तो तीन अंश जास्त कधीपासून दाखवत होता? २९ मेला ५२.९ हा आकडा अचाट होता म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. तोच सेन्सर मार्चमध्ये ३६च्या जागी ३९ दाखवत असता तर कोणाच्या लक्षात आले असते? बिघडलेला सेन्सर काढून फेकला की तो पुरावाही जातो. म्हणून कॅलिब्रेशनच्या शिस्तीत दुरुस्तीच्या आधीचे वाचन लिहून ठेवण्याला सर्वात जास्त महत्त्व आहे. यंत्र जसे सापडले तसेच आधी तपासायचे, चूक किती आणि कोणत्या तापमानाला आहे ते नोंदवायचे, मग त्याला हात लावायचा. ती नोंद मागच्या आकड्यांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे सांगते. तीन अंश सरसकट वजा करून भागत नाही, कारण ४० अंशाला चूक एक आणि ५० अंशाला चार असू शकते.

आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या कॅलिब्रेशनच्या दाखल्यांत ही नोंद शोधून पाहा. अनेकदा एकच रकाना असतो आणि त्यात ‘समाधानकारक’ एवढा शब्द. याहून वाईट प्रथा म्हणजे सेन्सर बाजूला काढून त्याच्या जागी रोधाचा डबा जोडायचा, डब्यावर ११७.४७ ओहम लावायचे, रेकॉर्डरने ४५ अंश दाखवले की शिक्का मारायचा. यात रेकॉर्डर तपासला जातो. सेन्सर, केबल आणि जोडणी यांना कोणी हातही लावत नाही. दाखला मात्र संपूर्ण यंत्राचा मिळतो. शीतगृहांत, औषधांच्या गोदामांत आणि कारखान्यांत हे चालते, आणि मी याला फसवणूकच म्हणतो.

बरोबर काम कसे होते ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. सेन्सर त्याच्या केबलसह ढवळलेल्या द्रवाच्या बाथमध्ये बुडवायचा, शेजारी प्रमाण प्लॅटिनम थर्मामीटर. त्या प्रमाण थर्मामीटरचे नाते पायरीपायरीने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलेले असायला हवे, जिथे पाण्याचा त्रिबिंदू ०.०१ अंशाला आणि गॅलियमचा वितळबिंदू २९.७६४६ अंशाला पकडून देशाचे तापमान प्रमाण सांभाळले जाते. मग शून्यापासून सुरुवात करून जिथे यंत्र वापरायचे तिथल्या टोकाच्या तापमानापलीकडे पायऱ्यांनी चढायचे आणि परत उतरायचे. विदर्भातल्या केंद्राला ५५ अंशांपर्यंत नेल्याशिवाय त्याचे कॅलिब्रेशन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. प्रत्येक पायरीवरची चूक आणि त्या चुकीविषयीची अनिश्चितता, दोन्ही लिहायची. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा करून त्यात शुद्ध पाणी मुरवून केलेली शून्याची तपासणी कोणीही करू शकतो आणि ती वारंवार करावी. पण ती फक्त शून्य सरकले की नाही ते सांगते. उतार बदलला असेल, म्हणजे शून्याला बरोबर आणि ४५ला चूक असे झाले असेल, तर बर्फ गप्प राहतो.

कोणी म्हणेल, नवा सेन्सर मानकाप्रमाणे बनवलेला असतो, मग एवढा खटाटोप कशाला? मानकच वाचावे. पीटी-१०० सेन्सरच्या ब वर्गाला ५० अंशांना ०.५५ अंशांची चूक मुळातच माफ आहे. अ वर्गाला ०.२५. डब्यातून काढलेला, निर्दोष, प्रमाणित सेन्सर अर्धा अंश चुकू शकतो आणि तरी तो मानकात बसतो. त्याची स्वतःची चूक मोजून दुरुस्तीत धरली तरच तो दशांशाच्या योग्यतेचा होतो.

अर्ध्या अंशाने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने जळगावला रावेर-यावलकडे जावे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीची भरपाई तापमानाच्या आकड्यांवर ठरते: थंडीत तापमान ठरावीक रेषेखाली किंवा उन्हाळ्यात ठरावीक रेषेवर सलग काही दिवस राहिले पाहिजे. बागेत पाने करपलेली दिसतात की घड वाकलेले, हे विमा विचारत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने काय नोंदवले, तेवढेच तो पाहतो. सलग दिवसांपैकी एका दिवशी आकडा रेषेच्या ०.२ अंश अलीकडे राहिला की साखळी तुटते आणि हेक्टरी हजारो रुपयांचा हक्क जातो. सेन्सर उलट बाजूला चुकला तर विमा कंपनीने नको ते पैसे दिलेले असतात. दोन्ही बाजूंना अन्याय आहे आणि दोन्ही बाजूंना तो दिसत नाही, कारण हा आकडा ५६सारखा अचाट नसतो. लसींच्या शीतकपाटाचेही तेच. २ ते ८ अंशांची मर्यादा असताना रेकॉर्डर दोन अंश जास्त दाखवत असेल, तर आत लस गोठण्याच्या उंबरठ्यावर असू शकते आणि नोंद निर्दोष दिसते. हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलेंट लस एकदा गोठली की निकामी होते, आणि बाळाला ती टोचली जाते.

आपल्या राज्यात किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळून शिक्कामोर्तब करून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर दुकानदाराला दंड होतो. कांद्याच्या किलोला जे संरक्षण कायद्याने दिले, ते ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून आहे त्याला नसावे, याचे समर्थन मला कोणी करून दाखवलेले नाही.

केंद्रे हजारो आहेत, माणसे थोडी आहेत, ही अडचण खरी आहे, पण ती सोडवता येण्यासारखी आहे. प्रत्येक केंद्रावर बाथ घेऊन जायचे नसते. कॅलिब्रेट केलेले सेन्सर सोबत न्यायचे, जुने काढून प्रयोगशाळेत आणायचे, जसे आहेत तसे तपासायचे, दुरुस्त करून पुढच्या केंद्राला पाठवायचे. दरम्यान शेजारच्या केंद्रांशी रोजची तुलना संगणकाने करायची आणि जे केंद्र शेजाऱ्यांपासून सतत दूर जाते तिथे आधी पोहोचायचे. पोर्टेबल प्रमाण उपकरण शेजारी ठेवून जागेवर तुलना करणे हवामान विभागाला जमते, हे मुंगेशपूरने सिद्ध केले. त्याच पथकाने नजफगडचे केंद्रही पाहिले आणि तिथला फरक मर्यादेत असल्याचे सांगितले. ही तपासणी देशभर बोंब झाल्यावर झाली, एवढीच तक्रार आहे. १९२८मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले तेव्हापासून उपकरणांच्या कामाची परंपरा या शहरात आहे आणि शिमला ऑफिस हे नाव पुणेकरांच्या तोंडी अजून आहे. ज्ञान नाही असे म्हणायला महाराष्ट्राला तरी जागा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक हवामान केंद्राच्या आकड्याशेजारी शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, कोणत्या तापमानापर्यंत ते झाले आणि तेव्हा दुरुस्तीआधी किती चूक सापडली, हे प्रसिद्ध करा. ज्या केंद्राच्या आकड्यावर विम्याचा दावा ठरतो, त्याचे कॅलिब्रेशन मुदतीबाहेर असेल तर त्या आकड्यावरून कोणाचाही दावा फेटाळता येणार नाही, असे योजनेच्या अटींत लिहा. आणि केळी, द्राक्ष, संत्र्याच्या बागायतदारांनी येत्या हंगामात विम्याचा अर्ज भरतानाच आपल्या मंडळातल्या केंद्राचा कॅलिब्रेशन दाखला माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा.